सात पोरं, तेरा मोठी माणसं आणि एक समुद्र

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. वाळूवर चटया टाकून आम्ही नऊ मोठी माणसं बसलो होतो. कुणाच्या तरी लग्नातला जुना किस्सा दहाव्यांदा रंगला होता आणि मध्येच धाकट्या जावेनं विचारलं, "छोटू कुठाय?" छोटू तेव्हा तीन वर्षांचा. त्याच्या बापाला वाटत होतं तो आईजवळ आहे. आईला वाटलं आजीजवळ. आजींना वाटलं मोठ्या मुलांबरोबर किल्ला करतोय. आणि मोठी मुलं किल्ला अर्धा टाकून कधीचीच खडकांकडे खेकडे बघायला गेली होती. सहा-सात मिनिटांनी सापडला. बराच लांब, पाण्याच्या कडेकडेनं शिंपले वेचत चाललेला. त्याला काहीच झालं नव्हतं, आमचे मात्र हातपाय गळाले होते. अठरा डोळे होते तिथे आणि त्यातला एकही त्याच्यावर नव्हता.

त्या संध्याकाळपासून आमच्याकडे "बघा रे कुणीतरी" हे वाक्य बंद झालं. कुणीतरी नावाचं माणूस आमच्या खानदानात नाही. काम असेल तर त्याला एक नाव हवं, आणि ते नाव मोठ्यानं घेतलेलं हवं.

गेली अकरा वर्षं आमचं हे खटलं वर्षातून एकदा समुद्रावर जातं आणि त्याची उठाठेव माझ्याकडे असते. यंदा तेरा मोठे, सात लहान. सगळ्यात धाकटी दहा महिन्यांची. ओळखीत कुणी पहिल्यांदा असा बेत आखायला घेतला की फोन मलाच येतो, म्हणून एकदाचं सगळं क्रमानं लिहून काढते.

१. तारखा, आणि त्यातला चंद्र

तारखा विचारू नका, सुचवा. "तुम्हाला कधी जमेल?" असं वीस जणांना विचारलं की बावीस उत्तरं येतात. तीन पर्याय द्या, आठ दिवसांची मुदत द्या, ज्याला जास्त माणसं ते पक्कं. ज्याला अजिबात जमत नाही त्यानं दोन दिवस येऊन जावं, किंवा त्या वर्षी येऊ नये. न येण्याची मुभा असली की न येणाऱ्याचे रुसवे कमी होतात, असं माझं निरीक्षण आहे.

लहान मुलं असतील तर दोन रात्रींची सहल म्हणजे नुसती हमाली. पहिला दिवस मुलांना जागा अंगवळणी पडण्यात जातो, शेवटचा बॅगा भरण्यात. पहिल्या वर्षी ४ रात्री ठेवा. आम्ही आता ६ करतो. सातव्या दिवशी माणसं एकमेकांना नकोशी होतात.

बुकिंग करताना सहसा कुणाच्या डोक्यात न येणारी गोष्ट म्हणजे चंद्र. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन पाणी ओढतात, त्यामुळे भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरते. हे उधाण. त्याचा जोर बहुतेक ठिकाणी तिथीनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ एकमेकांना काटकोनात असते, म्हणून पाण्याचा चढउतार कमी. त्याला भांग म्हणतात. मुलं पाच वर्षांखालची असतील तर भांगाचे दिवस धरा. पाणी एकाएकी चटयांपर्यंत चढत नाही आणि ओहोटीला ते इतकं आतही जात नाही की कडेवर पोर घेऊन चिखल तुडवत त्याच्या मागे जावं लागेल.

२. पैसे, बुकिंगच्या आधी

हिशोब कुटुंबागणिक नको. चार जणांचं कुटुंब आणि एकटी मावशी यांना सारखाच वाटा आला की मावशी बोलत नाहीत, पण पुढच्या वर्षी त्यांचे गुडघे दुखायला लागतात. आमच्याकडे मोठं माणूस म्हणजे एक भाग, ५ ते १२ वयाचं मूल अर्धा भाग, त्याखालचं मूल फुकट. हॉलमध्ये झोपणाऱ्याला सूट. घराचं भाडं आणि किराणा सामायिक, बाकी ज्याचं त्यानं. ही रक्कम घर ठरवण्याआधी गोळा करा, आणि हिशोब बेत आखणाऱ्याकडे ठेवू नका. एकाच माणसाकडे दोन्ही गेली की त्याची सुट्टी संपलीच.

३. घर निवडताना

फोटोतलं घर आणि खरं घर यांत एक भिंत तरी वेगळी निघतेच, म्हणून मालकाला प्रश्न लिहून पाठवा आणि उत्तरं लिहूनच घ्या. संडास किती? तळमजल्यावर खोली आहे का, आणि तिला लागून न्हाणीघर आहे का? (आजोबा रात्री तीनदा उठतात. जिना असेल तर तीनदा सगळं घर उठतं.) बाहेर पाय धुवायला नळ आहे का? वीस माणसांना पुरेल एवढी पाण्याची टाकी आहे का? जवळचा दवाखाना किती लांब, आणि रात्री तिथे डॉक्टर असतो का?

अगदी पाण्याला लागून असलेलं घर सगळ्यांना हवं असतं. मला नको असतं. ज्या घराचं फाटक उघडलं की थेट वाळू, तिथे दोन वर्षांचं पोर सकाळी साडेसहाला, सगळे झोपलेले असताना, स्वतःच समुद्र बघायला निघू शकतं. पाच-सात मिनिटं चालावं लागेल असं घर उत्तम. आणि जलतरण तलाव असेल तर चारही बाजूंनी कुंपण आणि आपोआप बंद होणारं दार आहे की नाही, हे विचाराच. समुद्राला माणूस घाबरून असतो, अंगणातल्या निळ्या हौदाला घाबरत नाही.

पोचल्यावर बॅगा उघडायच्या आधी दोघांनी घराची फेरी मारायची. तीही गुडघ्यांवर, मुलांच्या उंचीवरून. विनोदी दिसतं, मला मान्य आहे. पण सज्जाच्या कठड्यातली फट, उंबऱ्याजवळची सैल वायर, पलंगाखाली आधीच्या पाहुण्यांची राहिलेली गोळ्यांची पट्टी, हे उभ्या माणसाला दिसत नाही. ती पट्टी मला खरंच सापडली होती. कड्या मुलांच्या हाताला लागतील एवढ्या खाली असतील तर पहिल्याच दिवशी वर दोरी बांधा.

झोपण्याच्या जागा आधीच वाटून ठेवा. तान्ह्या बाळाची खोली हॉलपासून सर्वांत लांब; रात्री गप्पा मारणाऱ्यांची हॉलला चिकटून. मोठी मुलं एका खोलीत गाद्या टाकून झोपतात आणि त्यांना सहलीतलं तेच सर्वांत जास्त आठवतं, समुद्र नव्हे.

४. फ्रिजवरचा कागद

पहिल्या संध्याकाळी फ्रिजवर एक कागद लागतो. आडवे दिवस, उभी कामं: रात्रीचा स्वयंपाक, किराणा, भांडी, ओले कपडे, कचरा. प्रत्येक चौकटीत नाव. "आम्ही", "बायका", "मोठी मुलं" अशी नावं चालत नाहीत. रात्रीच्या स्वयंपाकाला रोज एक जोडी, आणि त्या जोडीची मुलं त्या वेळात दुसऱ्या कुणाच्या नावावर. दुपारचं साधं, ज्याला भूक लागेल त्यानं वाढून घ्यायचं. मुलांची रात्रीची पंगत मोठ्यांच्या आधी दीड तास. उन्हात आणि पाण्यात दमलेलं मूल आठ वाजता जेवत नाही, रडतं.

आजी-आजोबांचं नाव कागदावर त्यांना विचारूनच घाला. "आजी आहेत ना" हे वाक्य म्हणजे "कुणीतरी"चंच सभ्य रूप. पाचव्या वर्षी आम्ही सगळे रात्री किनाऱ्यावर फिरायला गेलो आणि चार झोपलेली मुलं सासूबाईंवर सोडली, न विचारता. परत आलो तेव्हा त्या दिवा लावून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मीही सुट्टीवरच आलेय ना गं?" एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यांच्या चौकटीत मी मोठ्या अक्षरात 'आराम' लिहिलं. आता त्या स्वतः सांगतात कुठल्या दोन रात्री मुलांना घेणार ते, आणि त्या दोन रात्री तरुण जोड्यांच्या.

५. सामान

यादी प्रत्येकाची वेगळी होते, म्हणून मी फक्त लोक विसरतात ते सांगते.

मुलांच्या पोहण्याच्या कपड्यांचा रंग. निळा, पांढरा, राखाडी हे पाण्यात गेल्यावर दिसेनासे होतात. भडक केशरी, झगझगीत गुलाबी घ्या. फोटोत वाईट दिसतात, पाण्यात चांगले दिसतात. बाह्या लांब असलेले घ्या म्हणजे उन्हाचंही निम्मं काम झालं.

लाइफ जॅकेट. मुलाच्या वजनाप्रमाणे, दोन पायांमधून जाणाऱ्या पट्ट्याचं, आणि घरीच घालून बघितलेलं. खांद्यांना धरून वर उचला. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. दंडात घालायचे हवेचे फुगे आणि कमरेची रबरी चाकं ही खेळणी आहेत. ती सटकतात, फुटतात, आणि मोठ्यांना उगाच निर्धास्त करतात. हवेच्या गाद्या आणि मगरी तर मी आणूच देत नाही. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असला की पाणी छान सपाट दिसतं, आणि मगर पोरासकट आत जाते.

कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली एक जुनी चादर. ती उलटी पसरायची, चारही कोपऱ्यांत पिशव्या ठेवायच्या. कडा उभ्या राहतात आणि रांगत्या बाळाला वाळूविना अंगण मिळतं. अर्थात ते ठेवायचं सावलीतच.

औषधांच्या डब्यात जलसंजीवनीची पाकिटं, थर्मामीटर, चिमटा, पट्ट्या, आणि तापाचं औषध. त्या औषधावर प्रत्येक मुलाचं वजन आणि डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा चिकटवून ठेवा. रात्री दोनला सात मुलांची मापं कुणाला आठवत नाहीत. पाकीट संपलंच तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ याहून जास्त नको. डब्याला कुलूप, किल्ली एकाच्या नावावर.

६. समुद्र

इथे जरा थांबणार आहे, कारण बाकी सगळं चुकलं तर सहल बिघडते, इथे चुकलं तर त्याला इलाज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, आणि त्यांतली जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुलं होती.

पहिली गोष्ट, बुडणारं मूल ओरडत नाही. हात हलवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, मान मागे, शरीर उभं, हात पाण्यावर दाबले जातायत. लांबून बघणाऱ्याला वाटतं पोर खेळतंय. श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही तर हाक कुठून मारणार. हे सगळं २० ते ६० सेकंदांत होतं. कुणाचा तरी फोन आला, उचलून "नंतर करतो" म्हटलं, एवढा वेळ. म्हणून "ओरडलं तर कळेलच" यावर विसंबू नका.

आमची राखणीची पद्धत अशी. मुलं पाण्याच्या आसपास असली की एक माणूस राखणीवर. त्याच्या डोक्यावर लाल टोपी, गळ्यात शिट्टी. फोन नाही, पुस्तक नाही, गप्पा नाहीत, आणि स्वतःच्याच पोराकडे बघणंही नाही, सगळ्यांकडे. पाळी २० मिनिटांची, कारण त्यापुढे नजर भरकटते. टोपी हातात द्यायची, घेणाऱ्यानं "आता मी" म्हणायचं, आणि ते ऐकल्यावरच देणाऱ्यानं वळायचं. टोपी चटईवर ठेवून निघून जाणं हा आमच्याकडे एकमेव गुन्हा. ही राखण वरची. शिवाय पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस, हात लांब केला की मूल हाताला लागेल एवढ्या अंतरावर. घोट्याएवढ्या पाण्यातसुद्धा. लाट मुलाला पाडते, आणि परतताना पायाखालची वाळू घेऊन जाते. पडलेल्या मुलाला खोल पाणी लागत नाही.

दुसरं, मोजणी. प्रत्येक मुलाला एक नंबर. शिट्टी वाजली की मुलं क्रमानं नंबर ओरडतात, दर अर्ध्या तासानं. मुलांना हा खेळ इतका आवडतो की आमची तीन वर्षांची भाची जेवताना, झोपताना, संडासातसुद्धा "पाच!" ओरडत असते. रोज सकाळी निघताना सगळ्यांचा एक फोटो काढा. मूल हरवलं तर "निळा टी-शर्ट बहुतेक" असं म्हणावं लागत नाही. मनगटावर आतल्या बाजूला पेननं आईचा फोन नंबर. आणि कुणी सापडत नसेल तर आधी पाण्याकडे धावायचं, बाकी शोध नंतर. तो कोण करणार हेही आदल्या दिवशीच ठरलेलं हवं.

आता पाण्याबद्दल. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कालची वेळ आज चालत नाही. वेळापत्रक मिळतं, ते फ्रिजवर कागदाशेजारी लावा. पाणी एकसारखं चढत नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. ओहोटी संपल्यापासूनचे सहा तास धरले तर एकूण चढाचा बारावा हिस्सा पहिल्या तासात, दोन हिस्से दुसऱ्यात, तीन-तीन तिसऱ्या आणि चौथ्यात, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढतं. खडकांच्या पलीकडे शिंपले वेचायला गेलेली माणसं अडकतात ती याच वेळात. पहिल्या तासात "कुठे फारसं चढतंय" म्हणून निर्धास्त झालेली असतात.

जिथे जीवरक्षक नाही त्या किनाऱ्यावर मुलांना पाण्यात नेऊ नका, मग तो कितीही निवांत असो. बऱ्याच देशांत वर लाल आणि खाली पिवळा असे दोन झेंडे रोवलेले असतात. त्या दोन झेंड्यांच्या मधलाच भाग राखणीतला. नुसता लाल झेंडा म्हणजे आत जायचं नाही. पोचल्यावर जीवरक्षकाकडे जाऊन विचारा, "आज पाण्याला ओढ कुठे आहे?" ते रोज बघत असतात. आपण वर्षातून एकदा बघतो.

ती ओढ म्हणजे रिप करंट. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात आत जातं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी जरा काळपट आणि शांत दिसतं. गंमत अशी की मुलांना घेऊन आलेली माणसं नेमकी तीच जागा निवडतात, दोन्ही बाजूंना फेसाळ लाटा आणि मध्ये शांत म्हणून. या प्रवाहाचा वेग सेकंदाला अडीच मीटरपर्यंत मोजला गेलाय. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्याच्या विरुद्ध पोहता येत नाही. पण तो माणसाला खाली ओढत नाही, फक्त आत नेतो. अडकलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका. तरंगत राहा, हात वर करा, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहत त्या पट्ट्याबाहेर पडा. मूल ओढलं गेलं तर एकानं बोट मुलाकडे रोखून नजर हलवायची नाही, दुसऱ्यानं जीवरक्षकाकडे धावायचं, तिसऱ्यानं तरंगणारं काहीतरी फेकायचं. रिकाम्या हातांनी मागे उडी घेणारा बापच बुडाला, असं वारंवार घडतं.

वाळूतले खड्डे. याची भीती कुणालाच वाटत नाही, मलाही वाटायची नाही. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २००७ साली एक छोटी नोंद आली होती: वाळूतला खड्डा किंवा बोगदा अंगावर कोसळल्याच्या ५२ घटना, त्यांतले ३१ जण गेले. एक घनमीटर वाळू दीड टनाच्या आसपास भरते. ओली भिंत उभी राहते, वाळायला लागली की न सांगता बसते. आमचा नियम: सगळ्यात लहान खणणाऱ्याच्या गुडघ्याएवढा खड्डा, बोगदे नाहीत, आणि निघताना बुजवायचा.

जेलीफिशचा डंख झाला तर चोळू नका आणि गोड पाण्यानं धुऊ नका. दोन्हींनी उरलेले काटे फुटतात. समुद्राच्याच पाण्यानं धुवा, धागे चिमट्यानं काढा, आणि पुढचं जीवरक्षकाला विचारा. कुठे व्हिनेगर, कुठे गरम पाणी, हे त्या किनाऱ्यावर कुठली जात येते त्यावर असतं. लघवी टाकायचा सल्ला देणारे एक काका प्रत्येक घराण्यात असतात. त्यांना नम्रपणे बाजूला करा.

७. ऊन आणि दिवसाची घडी

सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की घरी. मुलांना घड्याळ कळत नाही, पण हे कळतं, आमची पोरं स्वतःच सावली मोजून "अजून थोडी आहे!" म्हणून भांडतात. म्हणजे सकाळी लवकर, दुपारी घर, उतरत्या उन्हात पुन्हा. भरतीची वेळ या घडीत बसेल तशी बसवायची. नाहीच बसली तर त्या दिवशी पाणी नाही, नुसती वाळू.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, निघण्याआधी १५-२० मिनिटं, मग दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर. ३० चं सनस्क्रीन जळजळ करणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवतं, ५० चं ९८ टक्के. तेव्हा आकड्यापेक्षा भरपूर लावणं महत्त्वाचं. कानांच्या पाळ्या, पायाचे पंजे आणि भांग (हा केसांतला) हमखास राहतात. छत्रीखाली बसूनही ऊन लागतं, कारण कोरडी वाळू साधारण १५ टक्के आणि समुद्राचा फेस २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन नाहीच. सावली, सैल कपडे, टोपी. आणि त्याला पाणी पाजायचं नाही, दूधच जास्त वेळा.

अंगाला चिकटलेली वाळू ओली असताना पुसाल तर मूल किंचाळेल. सुकू द्या, मऊ ब्रशनं झटका, आपोआप पडते.

मधला एक दिवस समुद्राला सुट्टी द्या. पत्ते, झोप, पाऊस आला तर पाऊस. त्या दिवशी काही ठरवायचं नाही. ठरवणारी माणसं (म्हणजे मी) त्या दिवशी फार अस्वस्थ असतात, पण सहलीचा दुसरा अर्धा भाग त्या एका दिवसावर तगतो.

८. भांडणं होतात

कुणाची मुलं नऊला झोपतात, कुणाची अकराला. कुणाकडे मोबाइल जेवताना चालतो. कुणी पंखा मोठा करतं, कुणी बंद. एका घरात आल्यावर हे सगळं दिसायला लागतं, आणि तिसऱ्या रात्री कुणीतरी कुणाच्या तरी पोराला काहीतरी बोलतं. आम्ही एकच सीमा आखली आहे: पाण्याजवळ, रस्त्यावर, आगीजवळ कुणीही कुणाच्याही मुलाला ओरडू शकतं, हात धरून ओढू शकतं, आणि आईबापांनी वाईट वाटून घ्यायचं नाही. घरात मात्र ज्याचं मूल त्यानंच बोलायचं. मोठ्या जाऊबाईंना हे पाळणं जड जातं. मलाही जातं. तरी पाळतो.

९. निघताना

सगळ्यांचा एकत्र फोटो दुसऱ्या दिवशीच काढून टाका. शेवटच्या दिवशी अर्ध्यांची नाकं सोललेली असतात आणि उरलेल्यांची तोंडं सुजलेली. बॅगा आदल्या संध्याकाळी भरा. ओल्या कपड्यांची पिशवी वेगळी, तिच्यावर नाव. निघायच्या सकाळी एकजण मुलांना घेऊन शेवटची चक्कर मारायला जातो आणि बाकीचे घर आवरतात. ही चक्कर मारणारा कोण, यावरून दरवर्षी चुरस असते.

गाडीत बसल्या बसल्या, घरी पोचायच्या आधी, वही काढा. काय कमी पडलं, काय उगाच नेलं, काय पुन्हा करायचं नाही. महिन्याभरानं लिहायला बसलं तर सगळं छानच आठवतं. आमच्या वहीत 'झाडू दोन न्या' हे चार वर्षं सलग लिहिलेलं आहे, आणि आम्ही चारही वर्षं एकच नेला.

छोटू आता अकरा वर्षांचा आहे. गेली दोन वर्षं मोजणीची शिट्टी त्याच्याकडे असते. यंदा वही त्यानंच मागून घेतली आणि परतीच्या वाटेवर काहीतरी खरडलं. घरी येऊन बघितलं तर लिहिलं होतं: 'मोठ्यांना पण नंबर द्या. काल मधले काका पाऊण तास कुणालाच सापडत नव्हते.'